काही न बाळगण्याचं व्रत : एका खेळातला हिशेब

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचं लेखी रूप)

चूल उरकून, भांडी पालथी घालून बसला असाल. बसा निवांत. मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाचं व्याज वहीत कसं मांडायचं ते पाहिलं. आज मी एका खेळाबद्दल सांगणार आहे. "ताई, आता ह्या वयात खेळ?" असं कुणीतरी म्हणणारच. पण ह्या खेळात हिशेब आहे, आणि त्या हिशेबानं माझ्या माहेरचा एक अडलेला प्रश्न मला नीट बघायला लावला. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

दिवाळीत मी माहेरी गेले होते. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या दोन मैत्रिणी आणि एक मित्र पण आले होते. भाऊबीज झाली, फराळाचे डबे अर्धे झाले आणि दुपारी ही मंडळी पडवीत सतरंजी टाकून बसली. मध्ये फाशांची पिशवी रिकामी केली. आपले सारीपाटाचे फासे असतात तसे नव्हेत. एक चार बाजूंचा, एक सहा, एक आठ, दहा, बारा आणि एक तर चांगला वीस बाजूंचा, मोठ्या बोराएवढा. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "आत्या, बस ना. आम्हाला एक जण कमीच आहे."

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे तळघर, भुयार. ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा, पंख असलेला अजस्र प्राणी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्या दोघा अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली बाजारात आणला. ह्या खेळाला पट लागतोच असं नाही. लागतं ते वही, पेन्सिल, फासे आणि तोंड. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कुणी तलवारबहाद्दर, कुणी जादूगार, कुणी चोर. गोष्ट चालवणारा सांगतो, "तुमच्यापुढं नदी आहे, पलीकडं दरोडेखोर बसलेत. काय करता?" आपण सांगायचं, मी अमुक करते. ते जमलं की नाही, ते फासा ठरवतो. आपण लहानपणी भातुकली खेळायचो ना, तसंच. फक्त ह्या भातुकलीला जाडजूड नियमपुस्तकं आहेत.

ह्यात जिंकणं-हरणं नसतं. चौघं-पाच जण मिळून संकटातून वाट काढतात आणि पायरी-पायरीनं मोठे होतात. एकूण वीस पायऱ्या. पहिल्या पायरीवरचं पात्र म्हणजे नवखं पोर. विसाव्या पायरीवरचं पात्र राक्षसांशी एकटं भिडतं. माझी भाची ह्या खेळाची २००३ सालची आवृत्ती खेळते. मी सांगते ते सगळे आकडे त्याच आवृत्तीतले, बरं का. पुढच्या आवृत्त्यांत नियम बदललेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या खेळात पात्राची निम्मी ताकद अंगात असते आणि निम्मी सामानात. जादूची तलवार, जादूचं कडं, अंगठी, झगा, औषधाच्या कुप्या. कुठल्या पायरीवर पात्राकडं साधारण किती मत्ता असावी, ह्याचा तक्ताच पुस्तकात दिलाय. पाचव्या पायरीवर ९,००० सोन्याची नाणी. दहाव्यावर ४९,०००. पंधराव्यावर २ लाख. विसाव्यावर ७ लाख ६० हजार. म्हणजे खेळाची आखणीच अशी आहे, की वर चढणाऱ्याच्या हातात काहीतरी असणार हे धरूनच पुढची संकटं बेतलेली असतात.

भाचीनं माझ्यापुढं सामानाची यादी ठेवली. पानंच्या पानं! मी म्हटलं, "मला ह्यातलं काही नको गं. माझी बाई आपली साधी. अंगावरच्या लुगड्यानिशी निघेल." सगळी पोरं हसली. भाची मात्र हसली नाही. म्हणाली, "असं करता येतं आत्या. त्याचं व्रतच आहे."

ते व्रत २००३ सालीच आलेल्या 'बुक ऑफ एक्झाल्टेड डीड्स' नावाच्या पुस्तकात आहे. सत्कर्मी, सात्त्विक पात्रांसाठीचं ते पुस्तक. आपण ह्या व्रताला अपरिग्रहाचं व्रत म्हणू. अपरिग्रह म्हणजे साठा न करणं, काही न बाळगणं.

व्रताचे नियम कडक आहेत. जवळ काय ठेवता येतं? अंगावरचे साधे कपडे. एखादं साधं हत्यार, शक्यतो काठीच. साध्या झोळीत एका दिवसाचं खाणं. मंत्र म्हणणारं पात्र असेल तर मंत्राला लागणाऱ्या किरकोळ जिनसांची पिशवी. संपलं. जादूची एकही वस्तू आपण वापरायची नाही. सोबत्याचा जादूचा झगा उसना घेऊन एका डावापुरता अंगावर घेतला तरी व्रत मोडलं. आणि खेळातला एक डाव म्हणजे गोष्टीतले जेमतेम सहा सेकंद! एकदा मोडलं की त्याचं फळ कायमचं गेलं, परत मिळत नाही. आणि ते घेण्यासाठी वापरलेली जागा दुसऱ्या कसबानं भरून काढता येत नाही.

एक सूट आहे. दुसऱ्यानं आपल्यासाठी काही केलं तर ते घेता येतं. सोबत्यानं औषधाची कुपी हातात दिली तर प्यायला हरकत नाही. त्यानं आपल्या कांडीनं आपली जखम भरली तर चालतं. आपण ती कांडी हातात धरून वापरायची नाही.

आता बदल्यात काय मिळतं? इथं मला खरी गंमत वाटली. आपल्याकडं व्रत करणाऱ्या बाईला काय मिळतं? पुण्य. ते किती, कधी, कुठं जमा होतं, कुणी लिहिलेलं नसतं. ह्या पुस्तकात पहिल्या पायरीपासून विसाव्यापर्यंत तक्ता छापलाय. अमुक पायरीला अमुक मिळेल. तिसऱ्या पायरीपासून ऊन-थंडी बाधत नाही. पाचव्यापासून अन्नपाणी लागत नाही. चौदाव्यापासून जादूनं कुणी जखडून ठेवू शकत नाही. अठराव्यापासून मायाजाल भेदून खरं ते दिसतं. शिवाय शत्रूचा वार चुकवण्याची शक्ती, आपल्या फटक्याची ताकद, अंगचे गुण हे सगळं टप्प्याटप्प्यानं वाढत जातं.

वार चुकवणं म्हणजे काय ते सांगते. शत्रू वीस बाजूंचा फासा टाकतो. आलेल्या आकड्यात त्याची ताकद मिळवायची आणि ती बेरीज आपल्या संरक्षणाच्या आकड्याला पोचली तर वार लागतो. आपलं संरक्षण पाचानं वाढलं तर वीस वारांतले पाच वार, जे एरवी लागले असते, ते फुकट जातात. म्हणून ह्या खेळात एकेका अंकाला किंमत आहे. आणि ती किंमत बाजारभावात लिहिलेली आहे.

मग मी काय केलं असेल? गटाची वही लिहिणारी बाई मी. दोन रकाने आखले. एकीकडं सामान घेणारीची मत्ता. दुसरीकडं व्रतानं जे मिळतं, तेच बाजारात विकत घ्यायचं झालं तर किती पडेल. वस्तूंच्या किमती पुस्तकातल्या, बेरीज माझी आणि भाचीची.

किंमत काढायची रीत सोपी आहे. संरक्षणाचं कडं घ्यायचं तर जितका अंक हवा, त्याला त्याच अंकानं गुणायचं आणि पुढं हजार लावायचे. पाचाचं कडं म्हणजे पाच पाचे पंचवीस, २५ हजार नाणी. हत्याराला त्याच्या दुप्पट.

पाचवी पायरी घ्या. व्रत संरक्षणाला ५ देतं आणि फटक्याला १. पंचवीस हजार आणि दोन हजार, २७ हजारांचा माल. सामान घेणारीकडं ह्या पायरीला सगळे मिळून ९ हजार. म्हणजे व्रतवाली तिपटीनं पुढं!

दहावी पायरी. संरक्षणाला ७, म्हणजे ४९ हजार. फटक्याला २, म्हणजे ८ हजार. ताकद किंवा शहाणपण अशा एका गुणात २, त्याचे ४ हजार. आणखी तीन बारीक संरक्षणं, ५ हजारांची. एकूण ६६ हजार. समोरच्या रकान्यात ४९ हजार. अजून व्रतवाली पुढंच, पण अंतर कमी झालं.

पंधरावी पायरी. ह्याच रीतीनं बेरीज येते १ लाख ६९ हजार. समोर २ लाख. इथं तागडी फिरली.

विसावी पायरी. व्रताचे ३ लाख ५ हजार. समोर ७ लाख ६० हजार.

आठाच्या पुढचं कडं पुस्तकात नाही, तिथं आम्ही तीच रीत पुढं ओढली. अन्नपाण्याशिवाय राहणं, खरं दिसणं ह्यांचे पैसे मी ह्यात धरलेले नाहीत. व्रतवालीला पहिल्या पायरीला आणि पुढं दर सम पायरीला एक जादा सात्त्विक कसबही मिळतं, तेही धरलेलं नाही. ते धरलं तर फरक थोडा कमी होईल. पण चित्र बदलत नाही. सोडण्याचं फळ सुरुवातीला भरभरून मिळतं आणि मोठं झाल्यावर तोकडं पडतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हे व्रत घ्यावं की नाही? ते कोण घेतंय त्यावर आहे. तलवारबहाद्दर साधं लोखंडी चिलखत घालतो. डोक्यापासून पायापर्यंतचं चिलखत १,५०० नाण्यांत मिळतं आणि संरक्षणाला ८ देतं. त्यानं व्रत घेतलं तर दीड हजारांत मिळणारी गोष्ट सोडून कमीच पदरात पडेल. जादूगार तर घेऊच शकत नाही, कारण त्याची मंत्रांची पोथी व्रताच्या यादीत बसत नाही. पोथी गेली म्हणजे त्याचा धंदाच बसला. उलट, मठात राहून नुसत्या हातांनी लढणारा साधक चिलखत घालतच नाही. रानातला वैदू पुढं वाघ-अस्वलाचं रूप घेतो, तेव्हा अंगावरचं बहुतेक सामान त्या रूपात विरून जातं, कामाला येत नाही. अशांनी व्रत घेतलं तर त्यांचं नुकसान कमी. ज्याच्याकडून जे जात नाही, त्यानं ते सोडणं सोपं. सोडणाऱ्याचं मन किती मोठं ह्यावर हिशेब ठरत नाही. त्याच्या हातून काय जातंय ह्यावर ठरतो.

मी साधिका घेतली. पाचव्या पायरीपासून खेळ सुरू झाला. पहिल्या रात्री आमच्या तळावर लांडगे आले. तलवारबहाद्दर चिलखत उतरवून झोपला होता, त्याला तीन चावे बसले. माझं संरक्षण अंगातच होतं, मला एकही दात लागला नाही. पुढं दरोडेखोरांनी आम्हाला धरलं आणि सगळ्यांचं सामान काढून घेतलं. माझ्याकडून त्यांना एक काठी आणि भाकरी मिळाली. बाकीचे रिकामे झाले, मी होते तशीच. चोराला नेता येत नाही ते माझ्यापाशी होतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग आला कडा. वर गुहा, तिथं कैद केलेली माणसं. चढायला वाट नाही, उडूनच जायचं. तिघांजवळ उडण्याच्या औषधाची एकेक कुपी होती, ७५० नाण्यांची. व्रताच्या तक्त्यात उडणं नाहीच. पहिल्या पायरीपासून विसाव्यापर्यंत कुठंच नाही. मग तलवारबहाद्दरानं त्याची कुपी मला दिली. मी प्याले. नियमात बसतं ते. पण तो खाली राहिला, आणि वर नेमकी त्याचीच गरज होती. दोन कैदी आम्हाला सोडवता आले नाहीत. फासे गप झाले आणि पोरंही गप झाली.

तेव्हा मला कळलं, मी काही बाळगत नव्हते म्हणजे मला काही लागत नव्हतं असं नाही. माझी गरज दुसऱ्याच्या खिशातून भागत होती. सामान बाळगणारीला हे सुख असतं, की उद्या काय लागेल ते उद्या घेता येतं. व्रतवालीला जे लिहून दिलंय तेवढंच. नवी अडचण आली की दुसऱ्याच्या हाताकडं बघायचं.

ह्या व्रतातली आणखी एक गोष्ट आपल्या गटातल्या बायकांनी ऐकण्यासारखी आहे. चौघांनी मिळून खजिना मिळवला तर वाटे चारच पडतात. व्रतवालीनं तिचा पूर्ण वाटा घ्यायचा आणि तो गरजूंना द्यायचा. "हिला नको आहे ना, मग आपण तिघांत वाटू" असं चालत नाही. व्रत तिचं आहे. तिच्या व्रतानं सोबत्यांनी श्रीमंत व्हायचं नाही. तिच्या वाट्याचं काय करायचं ते तिनंच ठरवायचं. मी हे भाचीकडून दोनदा वाचून घेतलं.

आणि एक. ह्या खेळाचाच एक भाऊबंद खेळ आहे, 'पाथफाइंडर' नावाचा. त्याच्या २०११ सालच्या एका पुस्तकात साधकासाठी असंच व्रत आहे. तिथं सहा वस्तू ठेवता येतात: कपडे, वहाणा, वाडगा, झोळी, घोंगडी आणि आणखी एक. त्यातली एक मौल्यवान असली तरी चालते, म्हणजे घराण्याची ठेव वगैरे. पण बदल्यात मिळतं काय? दर पायरीला प्राणशक्तीचा एकेक अंक जादा, आणि बस. व्रत जवळपास तेच, गरिबी जवळपास तीच. फळ मात्र तक्ता लिहिणाऱ्यानं जेवढं लिहिलं तेवढं.

आता माहेरच्या प्रश्नाकडं येते.

माझे वडील गेल्या वर्षी वारले. वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली. दिवाळी झाली की तालुक्याला जाऊन मी हक्कसोडपत्र करून द्यायचं, असं ठरलेलं होतं. मीच हो म्हटलं होतं. आपल्याकडं बहिणीनं हक्क सोडायचा असतो, ही रीतच. आणि खरं सांगू, मला त्याचा अभिमानही वाटत होता. "आमच्या ताईला काही नको," असं आई चारचौघांत सांगायची तेव्हा ऊर भरून यायचा.

खेळ संपला त्या रात्री मी वहीत व्रताचे रकाने पक्के करत बसले होते. शेजारी फडताळावर त्या हक्कसोडाचा टाइप करून आणलेला मसुदा होता. भाचीनं तो उचलून वाचला. मग माझी वही बघितली. म्हणाली, "आत्या, तुझ्या साधिकेला दुसरा रकाना आहे. ह्या कागदात तुझा दुसरा रकाना कुठंय?"

स्वतःच्या बापाच्या विरोधात बोलली नाही ती. नुसतं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मग मी तो रकाना भरायला बसले. डावीकडं मी सोडणार ते: जमिनीतला माझा हिस्सा, सातबाऱ्यावरचं नाव, उद्या नड आली तर परत येण्याची हक्काची जागा. उजवीकडं मला मिळणार ते: माहेरचा मान, भाऊबीजेची साडी, चार दिवस विसावा, दादाचा आधार. ह्या गोष्टी खोट्या नाहीत, हलक्या तर मुळीच नाहीत. पण त्या कुठल्या पायरीपर्यंत आहेत? आज आई आहे, दादा आहे. मी तिशीत आहे, म्हणजे खेळाच्या हिशेबानं सातव्या-आठव्या पायरीवर. इथं व्रतवाली पुढंच असते! सत्तरीला पोचेन तेव्हाचं काय? तो टप्पा कुणी लिहूनच ठेवलेला नव्हता.

न्यायानं बोलायचं तर दादाचाही रकाना लिहिला. विहीर त्यानं खोदली, मोटारीचं कर्ज त्यानं फेडलं, वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात तो बसला. माझ्या नावावर ते जमा होत नाही. हिशेब म्हटला की दोन्ही बाजू लिहायच्या, आपल्याला सोयीच्या तेवढ्याच नव्हे.

इथं कायद्याच्या दोन गोष्टी सांगते. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. इतर धर्मांच्या मैत्रिणींना वारशाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते विचारून घ्यावेत. दुसरी गोष्ट, जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. नोंद झाली की फेरफार होऊन नाव कमी होतं. मग नुसतं मन बदललं म्हणून ते परत येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. ह्या कामी सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बायकांना तिथं मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

मी सगळ्या बहिणींना "सही करू नका" असं सांगायला आलेले नाही. मनापासून, समजून-उमजून सोडणारी बहीण असते, तिला नमस्कार. माझं म्हणणं एवढंच, की सोडायच्या आधी वही उघडा. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? हिशेब वेळच्या वेळी लिहिणं. दहा रुपयांच्या बचतीची पावती आपण जपून ठेवतो, आणि जमीन सोडताना पेन कागदाला फक्त सहीपुरतं लागतं!

कुठलंही 'मला नको' म्हणण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. लिहून घ्या.

एक. हे मी स्वतः निवडलं, की सगळ्यांनी धरूनच चाललं होतं? खेळात व्रत कुणी लादू शकत नाही.

दोन. माझ्या हातून नेमकं काय जातंय? दुसरीनं सोडलं म्हणून मी सोडू नये. तिचं कडं गेलं असेल, माझी पोथी जात असेल.

तीन. बदल्यात काय मिळणार, आणि ते कुणी कुठं लिहिलंय? आजच्या पायरीपुरतं बघू नका. शेवटच्या पायरीपर्यंत मोजा.

चार. मी सोडलेला वाटा कुठं जातो? ते ठरवताना मला कुणी विचारलं का?

पाच. उद्या मला वाटलं तर माघार आहे का? नसेल तर आज घाई कशाची?

त्या रात्रीनंतर सकाळी मी दादाला म्हटलं, "दादा, ह्या महिन्यात मी सही करत नाही. तू कसतोस तशी जमीन कस, मला त्यात एक पोतंही नको. पण नाव राहू दे. आणि तू विहिरीवर, दवाखान्यावर केलेला खर्च लिहून काढ, तो मला मान्य आहे. आईचं पुढं कोण, कसं बघणार तेही लिहू. मग बसून बोलू." दादा काही बोलला नाही. दिवसभर मळ्यातच राहिला. वहिनीनं जेवायला वाढलं, पण नेहमीचा आग्रह नव्हता. मला वाईट वाटलं, रडूही आलं. आई मात्र संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाली, "माझ्या वेळी मला कुणी विचारलं पण नव्हतं गं. अंगठा धर म्हणाले, धरला."

मी निघाले तेव्हा दादा एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी आली तसं म्हणाला, "विहिरीच्या पावत्या शोधतो." एवढंच. कागद अजून फडताळावर आहे. पुढं काय होईल ते होईल, पण आता आम्ही दोघंही लिहून बोलणार आहोत.

आणि माझी साधिका? तिचं व्रत मी मोडलेलं नाही. भाचीचा संक्रांतीला फोन येणार आहे, फोनवरून पुढचा डाव. मी सोबत्यांशी आधीच ठरवून घेतलंय: खजिन्यातला माझा वाटा मी गावातल्या गरजूंना देणार. आणि मला उडायला लागेल तेव्हा कुपी कोण देणार, त्यामुळं खाली कोण राहणार, हे निघायच्या आधीच बोलायचं.

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा. कुणाच्या घरी हक्कसोडाचं घाटत असेल तर तिच्या शेजारी बसा, तिला रकाने आखून द्या. भरायचे तिनंच. पुढच्या भागात आपण सातबारा आणि फेरफार कसा वाचायचा ते बघू. आपापल्या घरचा उतारा जवळ घेऊन बसा. नमस्कार.